मूठभर कोंड्याची नोंद

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार. अमरावती.

आजपासून रोज लिहायचं. लिहिलं की काम शिस्तीत होतं आणि मागाहून कोणाला काही विचारावं लागत नाही.

स्टाफ नर्सच्या यादीत माझं नाव आलं आहे. आज कागद तपासले. सगळं बरोबर, एकच त्रुटी. शाळेच्या टीसीवर जन्मतारीख १ जून २००१, आधारवर १२ नोव्हेंबर २००१. १ जून गुरुजींनी दिलेली आहे. माझ्या वर्गात सतरा जणांचा वाढदिवस १ जूनला असतो. १२ नोव्हेंबर आईने सांगितलेली, त्या दिवशी धनतेरस होती एवढं तिला आठवतं.

तपासणारे साहेब म्हणाले, तुम्ही नेमक्या केव्हा जन्मल्या ते वीस तारखेपर्यंत ठरवा आणि जन्मदाखला आणा, नाहीतर प्रतीक्षा यादीतली पहिली मुलगी घेऊ. त्यांना हसू येत होतं.

दाखला मिळवणे हे चार दिवसांचं काम आहे. अठरा दिवस हातात आहेत. म्हणजे चौदा दिवस शिल्लक.

आईला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती, सूप थांबलं. म्हणाली, "जल्माच्या कागदामागं नको लागू व कोंडे. हाय तसं राहू दे." घरात मी कोंडी. दीपमाला हे नाव गुरुजींनी शाळेत घातलं. आमच्या घरातून शाळेत गेलेली मी पहिली, त्यामुळे गुरुजींनी दिलेलं नाव, तारीख, गाव, काहीच कोणी तपासून घेतलं नाही.

आई जुन्या विचारांची आहे. मी विज्ञान शिकले आहे. मला असल्या गोष्टींची भीती वाटत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार.

टीसीवर जन्मस्थळ अमरावती. महानगरपालिकेत अर्ज दिला. खिडकीतल्या बाईंनी मनापासून शोधलं, २००० ते २००३, चारही वर्षं. मग दाखला दिला: सदर नावाची जन्मनोंद आढळून येत नाही. वर गोल शिक्का, खाली सही. मी जन्मल्याचा कागद मागायला गेले आणि न जन्मल्याचा घेऊन आले. तो मात्र एका दिवसात मिळाला.

फाईलमध्ये लावला. प्लास्टिकच्या पाकिटात.

घरी आल्यावर नाडी मोजली. ८२. सवय असते आमची.

५ फेब्रुवारी, गुरुवार.

आईला सरळ विचारलं. तिने तीनदा विषय बदलला. शेवटी म्हणाली, "बाळंतपण माहेरात झालं न माहं. पातूरकडं, मामाच्या गावाले." चोवीस वर्षांत हे कधी बोलली नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं.

प्लॅन सुधारला. उद्या जायचं, दाखला घ्यायचा, संध्याकाळी परत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.

अमरावती ते अकोला एसटी. अकोला ते पातूर एसटी. पुढे काळीपिवळी. मामा वारल्यापासून तिकडे कोणी गेलेलं नाही.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक सीमा मॅडम आहेत. जुनी रजिस्टरं काढून दिली, लाल पाठीची. २००१ मध्ये खुशालराव–मनकर्णा, म्हणजे माझे बाबा आणि आई, असं जोडपं कुठेच नाही. मॅडम म्हणाल्या, तारखेचा घोळ असेल, मागे जाऊ. मागे गेलो.

१९९८. मुलगा. वडील खुशालराव, आई मनकर्णा.

१९९९. मुलगी. वडील खुशालराव, आई मनकर्णा.

सीमा मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणता मी एकुलती एक. हे दोघं कोण हायेत मंग?"

मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी मृत्यूचं रजिस्टर काढलं. मुलगा अकराव्या दिवशी. मुलगी सहाव्या. सटवाई कपाळावर लिहायला येते तो सहावा दिवस. मी हे मानत नाही, फक्त मोजलं.

आमच्या घरात मेलेल्यांचे कागद पूर्ण आहेत. जिवंत आहे तिचाच नाही.

परतीच्या गाडीत तिघांचं सीट मिळालं. मी खिडकीशी. बडनेऱ्यापर्यंत शेजारच्या दोन जागा रिकाम्या राहिल्या, माणसं उभी होती तरी. कंडक्टरने विचारलं, इथं कोणी हाय का. मी बॅग ठेवली नव्हती, रुमालही टाकला नव्हता. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण तो पुढे गेला.

नाडी ९४. प्रवासाने होतं.

८ फेब्रुवारी, रविवार.

आईला अजून विचारलं नाही. योग्य वेळ पाहून विचारणार आहे. घाबरले म्हणून नाही. पूर्ण माहिती हातात आल्याशिवाय बोलू नये.

आज दोनदा चार ताटं वाढायला घेतली. आम्ही घरात दोघीच असतो.

९ फेब्रुवारी, सोमवार.

पुन्हा गेले. सीमा मॅडम म्हणाल्या, "पाहून घेतलं न व ताई सगळं." मी म्हटलं, एक एक ओळ पाहायची आहे. दुपारी दोन वाजता १२ नोव्हेंबर २००१ सापडला.

मुलगी. नाव: रिकामं. वडील अब्दुल रहीम. आई शहाजादी. धंदा गाद्या भरणे.

पुढच्या ओळीवर जाणार होते. पण शेवटच्या रकान्यात माहिती देणाऱ्याचं नाव असतं. तिथे लिहिलं होतं, खुशालराव. नातं: शेजारी. आणि अंगठा.

निळा अंगठा. मध्ये आडवी रेघ. विळ्याने कापलं होतं तिथली. तो अंगठा मी शाळेच्या प्रत्येक प्रगतीपुस्तकावर पाहिला आहे, दहा वर्षं. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली आणि शाई अजून निळीच आहे.

सीमा मॅडम हसल्या. "पाहा बरं! शेजाऱ्याच्या लेकराची नोंद कराले आले अन् घरच्याची विसरले." माझा चेहरा पाहून त्यांनी पाणी मागवलं.

नाडी मोजली नाही. घड्याळ घरी राहिलं होतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

आईने सांगितलं. मी विचारलं नाही. फाईल नुसती समोर ठेवली. तिला वाचता येत नाही, तरी तिने ती उलटी करून ठेवली आणि बोलायला लागली.

दोन लेकरं गेल्यावर मी झाले. बाबाही तेव्हा तिथेच, मामाच्या गावी राहत. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला सुपात घातलं आणि शेजारच्या गादीवाल्यांच्या दारात नेलं. शहाजादीने मला मूठभर कोंड्याला विकत घेतलं. घेतल्यावर म्हणाली, पोट्टी माही हाय, तुमी फक्त सांभाळा. असं करतात आमच्याकडे. जे दोघांना घेऊन गेलं ते तिसरीसाठी दारात आलं तर त्याला सांगता यावं की या घरात लेकरू नाही. म्हणून नाव कोंडी. कोंड्याला कोण हुंगतं.

इथवर गावात सगळे करतात. पण बाबा पुढे गेले. आई म्हणाली, "ते म्हणत, पहिल्या दोघांची नावं सरकारच्या बुकात टाकली अन् दोघंबी गेले. त्यानं बुक पाह्यलं त? म्हून हिच्या टायमाले जाऊन शेजारी म्हून अंगठा देऊन आले."

मी म्हटलं, हे चुकीचं आहे, खोटी माहिती देणं गुन्हा आहे.

आई म्हणाली, "त्यायनं जलमभर कोणापाशी तुले माही पोरगी म्हटलं नाही. तुले वाटे, बाप अबोल हाय."

शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं होतं, कोणाची मुलगी? बाबा म्हणाले होते, आपलीच समजा. वर्गातली मुलं हसली होती. मी बाबांशी दोन दिवस बोलले नव्हते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. पातूर.

गादीवाले आता पातूरला राहतात, मुलगा हसनैनकडे. दार शहाजादी मावशीनेच उघडलं. मी नाव सांगितलं, दीपमाला. तिला कळेना. मग म्हटलं, कोंडी. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि आत ओरडली, "अजी सुनते हो, पोट्टी आली आपली!"

अब्दुल रहीम चाचा चष्मा पुसत बाहेर आले. रजिस्टरचा फोटो दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "चोवीस साल झाले मी बाप होऊन, अन् मले कोणी चहाबी पाजला नाही!"

मावशी म्हणाली, "खुशालभाऊ भल्ला डरपोक माणूस. रोज सकाळी येऊन विचारे, भाभी, तुमची पोट्टी बरी हाय ना? अन् पोट्टी त्याच्याच घरात रडून राहिली!"

सीमा मॅडमनी सांगितलेलं सगळं समजावलं. दोघांची प्रतिज्ञापत्रं लागतील की सदर मुलगी आमची नाही. आईचं लागेल की माझी आहे. मग नोंद दुरुस्त होते. चाचा म्हणाले, तुई नौकरी हाय बेटा, कुठं सही करू ते सांग, आत्ता करतो.

मावशी निघताना गमतीने म्हणाली, "सौदा मोडून राहिली त माहा कोंडा वापस आणजो मंग!" सगळे हसले. मीही हसले.

पातूरच्या स्टँडवर उभी असताना ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजात. लहान मुलाच्या.

रात्रीच्या जेवणाआधी नाडी १०६. ऊन लागलं असावं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.

सगळं तयार आहे. मजकूर टाइप करून आणला. "सदर मुलगी आमची नाही" ही ओळ अवघड वाटली म्हणून पुन्हा टाइप करायला दिली. दुकानदार म्हणाला, तेच तर लिहिलंय. मी म्हटलं, फॉन्ट बदला.

आईने विचारलं, केव्हा जायचं. म्हटलं, सोमवारी. शुक्रवारी कार्यालयात गर्दी असते.

१६ फेब्रुवारी, सोमवार.

काल शिवरात्रीचा उपास होता. अशक्तपणा आला. अशक्तपणात प्रवास करू नये, हे मी रुग्णांनाही सांगते. उद्या नक्की.

मावशीचा फोन. कधी येतेस. म्हटलं, उद्या.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.

आज अमावस्या. मी मानत नाही. पण सीमा मॅडम मानत असतील आणि रजेवर असतील तर फेरा फुकट जाईल. फोन करून विचारता आलं असतं, पण चार्जिंग वीस टक्के होतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार.

निघाले होते. अकोल्यापर्यंत गेले. पातूरच्या गाडीत बसले. पुन्हा तिघांचं सीट. कंडक्टर म्हणाला, किती? मी म्हटलं, तीन.

त्याने पाहिलं. मग मी उतरले आणि अमरावतीची गाडी धरली. फाईलची एक झेरॉक्स कमी पडेल असं वाटलं होतं. घरी मोजली. चार झेरॉक्स जास्त आहेत.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.

शिवजयंतीची सुट्टी. माझा इलाज नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ४.

फाईल मांडीवर घेऊन बसले आहे. साहेबांना फोन केला. म्हणाले, सहा वाजेपर्यंत थांबतो. पातूरला जाऊन यायला सहा तास लागतात. मी हे सकाळीच मोजून ठेवलं होतं.

आई म्हणाली, "तुले त भेव वाटत नाही न व?"

म्हटलं, अजिबात नाही. कागदपत्रांची तयारी अपुरी होती.

२३ फेब्रुवारी, सोमवार.

सकाळी सीमा मॅडमचा फोन. "ताई, तुमचे ते गादीवाले बाबा अन् अम्मा ऑटो करून आले हायेत, बाकावर बसून राहिले. म्हणतात, पोट्टी येत नाही त आमीच आलो. तुमी येता का त्यायले इथंच राहू देऊ?"

आईने माझी चप्पल दारात सरळ करून ठेवली. दोघी गेलो. तिसऱ्या जागेवर आई बसली.

चाचांनी सही केली. मावशीने अंगठा दिला आणि म्हणाली, "मी सत्तरच्या पुढं गेली. त्याले यायचंच असन त पहिले माह्या घरी ये म्हणा. चहा पाजतो." आईने अंगठा दिला. तिचा अंगठा ओळीवर न येता जरा खाली पडला.

मी मॅडमना विचारलं, आता जुनी नावं खोडणार? आवाज मोठा निघाला असावा, कारण सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

मॅडम म्हणाल्या, "खोडता येत नाही व ताई. कायदाच हाय तसा. मूळ नोंद हाय तशी राहते. बाजूला समासात दुरुस्ती लिहायची, तारीख टाकायची, सही. बस." पेन उघडून त्यांनी दाखवलं. अब्दुल रहीम तिथेच. शहाजादी तिथेच. शेजारी खुशालराव, अंगठ्यासकट तिथेच. समासात लहान अक्षरांत आम्ही.

आईने विचारलं, म्हणजे बुक उघडलं त पहिले शहाजादीच दिसते ना? मॅडम म्हणाल्या, हो. आई म्हणाली, "मंग बराबर हाय."

मी विचारलं, तेरा तारखेला आले असते तर?

"त सतराले दाखला देला असता तुमाले."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. अमरावती.

दाखला आला. १२ नोव्हेंबर २००१. दीपमाला. साहेबांना दाखवला. त्यांनी उलटसुलट पाहिला, म्हणाले, अगदी परिपूर्ण कागद आहे. प्रतीक्षा यादीतली मुलगी सोमवारीच रुजू झाली.

संध्याकाळी आईने ज्वारीचा कोंडा पुडीत बांधून ठेवला. मावशीला द्यायला नाही म्हणाली, नुसता असू द्यावा घरात.

ही वही पहिल्यापासून वाचली. २ फेब्रुवारीच्या पानावर शेवटची ओळ आहे, मला असल्या गोष्टींची भीती वाटत नाही. खोडणार होते. खोडली नाही. समासात लाल पेनने लिहिलं: वाटत होती. खाली आजची तारीख टाकली आणि सही केली. मग वाटलं, सही कोणीही करतं. शाईत बुडवून अंगठा दिला.