पुलावर पाट्या नाहीत

३ नोव्हेंबर, मंगळवार

परत डाग! रात्री व्हॅनखाली कोरा पुठ्ठा सरकवला होता. सकाळी बघते तर बशीएवढं काळं तेल.

आई असती तर पुठ्ठा उचलून उजेडाकडे धरला असता, डॉक्टर फोटो बघतात तसा. मग म्हणाली असती, "म्हातारीची तब्येत बरी आहे हो आज." व्हॅनला ती म्हातारीच म्हणायची. आईला जाऊन आता वर्ष होईल. म्हातारी आहे अजून. गळते, पण आहे.

काल लाँड्रीवाले काका दारात येऊन गेले. "तुझ्या आईची फेरी तुलाच देईन म्हणतो. सोळा तारखेपासून. पण गाडी धड पाहिजे गं, हॉटेलांच्या पांढऱ्या चादरी आहेत!" मी मान हलवली. 

रविवारी काय झालं ते काकांना कुठे माहीत. बाळाला, आमच्या पिल्लूला, बाजूच्या सीटवर बांधून नुसती कोपऱ्यापर्यंत निघाले होते. जळका वास. मग बॉनेटमधून धूर. पिल्लू खोकलं. मी त्याला उचललं नि पळाले — गाडी रस्त्यात, दार सताड उघडं, मागचे हॉर्न मारतायत! दोन माणसांनी ढकलून घरी आणून दिली. एक म्हणाला, "बाई, गाडीला काही झालेलं नाही, तेल सांडतंय नुसतं. तुम्ही पाणी प्या."

ह्यांचा फोन आला होता. हे तिकडे बंदरावर, क्रेनवर. "अगं, दे ना भंगारात. कशाला जिवाला घोर?" 

दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, भीती वाटली की लिहून काढ. म्हणून ही वही. आता लिहिलं. गेली का भीती? नाही.

५ नोव्हेंबर

पिल्लू झोपलं तसं बॉनेट उघडलं. आधी रॉकेल नि ब्रश घेऊन सगळं इंजिन धुतलं. मळ असला की कुठून गळतंय ते कळत नाही — हे आईचं. मग गाडी सुरू करून टॉर्च मारत बसले. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं झाकण असतं, टॅपेट कव्हर. त्याच्या कडेने तेल पाझरतं, खाली सायलेन्सरच्या तापलेल्या पाईपवर पडतं, नि धूर. एवढंच! एवढ्याशासाठी मी पोरगं घेऊन पळाले.

झाकणाचे बोल्ट काढताना ते कुठे ठेवावे कळेना. हात आपोआप मांडीकडे गेला. मी लहान असताना आई बोल्ट काढून माझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकायची. "उठू नकोस हं, तू माझी वाटी आहेस." मी तासभर हलायचे नाही. नाकावर माशी बसली तरी. सगळे फ्रॉक तेलकट, मावशी ओरडायची. मला आवडायचा तो वास. अजून आवडतो. आज ओढणीच्या ओच्यात टाकले.

आतलं पॅकिंग, म्हणजे तेल अडवणारी पट्टी, बिस्किटासारखं मोडलं. नवीन आणलं, बसवलं, नि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून आवळलं. आता कसं गळतं बघते!

६ नोव्हेंबर

जास्त गळतंय. मी रडले. मला बघून पिल्लू रडलं.

७ नोव्हेंबर, शनिवार

पॅकिंग घेऊन स्पेअरपार्टवाल्याकडे गेले. तो चष्म्यावरून बघतो, चष्म्यातून कधीच नाही. पॅकिंग मधे चेपून बाहेर आलेलं, एका जागी फाटलेलं.

"ताई, झाकण बसवलंत का गळा दाबलात?"

"गळत होतं म्हणून आवळलं."

"भीतीने आवळलेलं गळतंच. दुसरं घ्या. आणि जरा मायेने."

दुकानातली माणसं हसली. मीही हसले, करणार काय.

घरी येताना आठवलं. वेणी! आई मला पाना द्यायची नि म्हणायची, "वेणी घालते तेवढं आवळायचं. सुटायची नाही, पण डोकंही दुखायचं नाही. दुखलं की जास्त झालं." आणि एकामागून एक नाही, समोरासमोरचे — एक इकडचा, एक तिकडचा, थोडा थोडा. हे मला माहीत होतं! हाताला माहीत होतं. भीतीने विसरले.

माझं हे असंच. आई मला भागूबाईच म्हणायची. पालीला भ्यायचे, अंधाराला भ्यायचे, शाळेतल्या घंटेला भ्यायचे. आता पिल्लू झाल्यापासून तर विचारूच नका. दुपारी झोपलं की दहादा नाकाखाली बोट धरते. श्वास आहे ना.

आईला कशाचीच भीती नव्हती. बाबा गेले तेव्हा मी पाच वर्षांची. महिन्याभरात आई बाबांच्या जागी व्हॅनवर बसली. बायका तोंडात बोट घालून बघायच्या.

८ नोव्हेंबर

आज हात नाही लावला. पिल्लूला सर्दी. नाक चोंदलं की लाल होतं सगळं, तोंडाने श्वास घेतं, दूध पीत नाही. नर्सने दिलेले थेंब घातले. एक शेंबडाचा गोळा निघाला, नि हसलं की लबाड!

फेरीचे दिवस आठवत बसले. पहाटे चादरींचे गठ्ठे मागे, मी आईच्या बाजूला. गठ्ठे गरम असायचे. माझं काम एकच — बोलत राहायचं. आई म्हणायची, "बोल गं, म्हातारीला तुझा आवाज लागतो. तू गप्प बसलीस की ती बंद पडते." मला खरं वाटायचं! घसा दुखला तरी बोलायचे. सुचलं नाही की दुकानांच्या पाट्या वाचायच्या. अक्षरं मी शाळेत नाही शिकले, पाट्यांवर शिकले. 'येथे चाव्या बनवून मिळतील' हे मला सगळ्यात आधी वाचता आलं.

पण नदीवरचा पूल आला की पंचाईत. पुलावर पाट्या नाहीत. आई पुलाच्या आधी एकेक हात फडक्याला पुसायची, तेलकट असायचे ना, नि म्हणायची, "सांग, सांग, काहीतरी सांग." मग मी मनाचं काहीही सांगायचे. आमची मांजर मास्तरीण झाली. चादरींना पाय फुटले. पूल संपला की आई केवढ्याने हसायची! एवढी हसू येण्यासारखी गोष्ट नसायची. पण हसायची.

असं सुख परत नाही.

१० नोव्हेंबर

काल दुसरं पॅकिंग बसवलं. वेणीएवढं. झाकणाची कड कोरडी! पण तासभर चालू ठेवली तर मागच्या बाजूने परत थेंब. आता कुठून बाई?

झाकणातून एक जाड रबरी पाईप निघून हवेच्या डब्याकडे जातो. त्याच्या तोंडाशी ओलं. पाईपला हात लावला तर लाकूड झालेलं. वाकवला — मोडलाच! तुकडा घेऊन परत चष्मेवाल्याकडे. तो म्हणाला, "फुंका."

"शी!"

"पुसून फुंका हो."

फुंकर मारली. गाल फुगले, हवा जाईना. आत काळा चिकट गाळ, गच्च.

"इंजिनाने श्वास घ्यायचा पाईप आहे हा, ताई. हा चोंदला की आत कोंडतं. मग दाब जिथून वाट मिळेल तिथून तेल बाहेर फेकतो. तुम्ही पॅकिंगवर पॅकिंग बदला, ते गळणारच."

पिल्लूचं नाक! अगदी तेच. मी तिथेच म्हणाले, "आमच्या बाळालाही झालं होतं." तो चष्म्यावरून बघत राहिला.

नवीन पाईप, नवीन क्लिपा. खालचा तेलाचा बारीक पाईप फुगला होता, तोही बदलला. जिथे पाईप बसतो ती नळी तारेने खरवडून साफ केली.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

पुठ्ठा कोरडा!!

दोनदा बघितला. उलटा करून पण बघितला. मग ह्यांना फोन लावला. हे म्हणाले, "खरंच? तू केलंस?" मी म्हटलं, "नाही, शेजारच्या मांजरीने केलं." खूप दिवसांनी आम्ही हसलो.

पिल्लूची सीट नीट बांधली. बाजूच्या सीटवर, माझ्या जागी. दोन पट्टे, उशी, वर टोपी अडकवायला खुंटी. मावशी आली होती — आईची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. कमरेवर हात ठेवून बघत होती.

"पहाटेच्या गारठ्यात नेणार त्याला? माझ्याकडे ठेव की."

"तो माझ्याशिवाय राहत नाही, मावशी."

"तो राहतो गं. तूच राहत नाहीस."

मला राग आला. म्हटलं, "आईने नाही का मला नेलं रोज?"

मावशी काहीतरी बोलणार होती. पण नुसती टोपी खुंटीवर अडकवली नि गेली.

१४ नोव्हेंबर, शनिवार

आज काय झालं ते लिहायला हात चालत नाहीये.

अंगणात गाडी सुरू ठेवून बसले होते. पिल्लू घरात मावशीकडे. माझं लक्षच नव्हतं, मी मोठ्याने बडबडत होते. समोरच्या भिंतीवरची औषधाच्या दुकानाची पाटी, मग मांजर, मग काहीही. मावशी पिल्लूला काखेत घेऊन बाहेर आली.

"कुणाशी बोलतेस?"

मी लाजले. "म्हातारीशी. तिला आवाज लागतो. आई म्हणायची ना."

मावशी हसली. मग हसायची थांबली. गाडीचं दुसरं दार उघडून, उशी सारून, पिल्लूला घेऊन आत बसली.

"गाडीला नाही गं बाई लागायचा. तिला लागायचा."

"कुणाला?"

"तुझ्या आईला. तुला वाटतं तू भागूबाई? खरी भागूबाई ती! पहिल्याच आठवड्यात पुलाच्या मधोमध गाडी थांबवून बसली. हात स्टिअरिंगवरून सुटेनात. कुणीतरी मला बोलवायला आलं, मी चालत गेले, एकेक बोट सोडवलं. घामाने थबथबलेली. मी म्हटलं, सोड हे काम. तर म्हणाली, पोरगी बाजूला असली की मी चालवते. तिच्यासमोर मला थांबता येत नाही."

मावशीने पिल्लूला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"त्यानंतर ती एकटी एकदाही गेली नाही. तुला ताप असला तरी चादरीत गुंडाळून न्यायची. शाळा बुडाली तुझी. मी भांडले तिच्याशी. बाई घरी आल्या होत्या विचारायला, आठवतं?"

आठवतं. मी दाराआड होते. आई बाईंना म्हणाली होती, "हिचं डोकंच नाही हो अभ्यासात." मी इतकी वर्षं तेच धरून बसलेय.

पिल्लू हॉर्न दाबायला बघत होतं. इंजिन चालूच होतं. बंद करायचं आमच्या लक्षातच आलं नाही.

१५ नोव्हेंबर

हात तेलकट नव्हते तिचे. पुलाच्या आधी. तो घाम होता.

मला आईचा राग येत नाही. येतो. थोडा. मग ते हसणं आठवतं, पूल संपल्यावरचं, नि जातो. मग परत येतो.

ती आजारी पडली तेव्हा मी चालवायला लागले, तर ती बाजूला बसायची. आणि बोलत राहायची. म्हणजे मीही एकटी कधीच —

संध्याकाळी पिल्लूच्या सीटचे पट्टे ओढून बघितले. पक्के आहेत. खूप वेळ पट्टा हातात धरून बसले.

१६ नोव्हेंबर, सोमवार

पिल्लूला मावशीकडे ठेवलं. मागे वळून बघितलं तर ते टोपीशी खेळत होतं.

पुलावर तोंड उघडलं होतं. मिटलं. गप्प बसले.

गाडी चालत राहिली.