डाव्या बाजूची पुट्टी

अकोला,
गुरुवार, १७ एप्रिल २०१४

वच्छलाबाई,

माझा सलाम घे अन् तुझा रामराम मले पावला असं समज. इकडं सगळं जागच्या जागी आहे. गुडघे, चष्मा, सून, कूलरचा आवाज, सगळं. मागच्या गुरुवारी मत टाकून आले, बोटाची शाई अजून गेली नाही. तुझा पाय कसा आहे हे पहिले विचारायले पाहिजे होतं, पण ते खाली विचारीन.

लिहून राहिली आहे आमची अरीबा, हसनैनची पोरगी. मराठी शाळेत शिकली, आता मास्तरीण व्हायचा कोर्स करते. मी तिले सांगतलं, मी बोलते तसंच लिही, आपलं पाणी घालू नको. आपल्या गल्लीतल्या शाळेतून मी पाटी टाकून पळाले अन् तू चौथीपर्यंत टिकलीस. त्याचा टोमणा तू मले जन्मभर मारला. आता त्या चौथीचा उपयोग कर. हे पत्र नातीकडून वाचून घेऊ नको. चष्मा लाव अन् तूच वाच. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधीच बोलतेस अन् मी गप बसते. गप बसायची मले सवय आहे.

आधी गाडीचं सांगते. तुमची ती लांब गाडी, मागून कपाटासारखी उघडणारी स्टेशन वॅगन, तुझ्या नातवानं, शिवमनं, मोबाईलवर विकायले टाकली. तुले माहीत असेलच. ती पाह्यली आमच्या गुलफामनं. हा अरीबाचा मोठा भाऊ. जुन्या गाडीले फुलं लावून नवरदेव बसवायचे, असा धंदा त्याले सुचला आहे. लोकायले आता नवी गाडी रोज पाहिजे अन् लग्नात जुनी पाहिजे. तो मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणे, "दादी, पाहा, मक्खन आहे. एकाच घरची, पुट्टी नाही, अपघात नाही. खाली लिहूनच दिलं आहे."

मी म्हटलं, "लिहिलेलं तू वाच. मले फोटो दाखव."

मागच्या दाराची मूठ एकीकडं वाकलेली होती, तिच्यावरून मी गाडी ओळखली. मी म्हटलं, मी पण येते. तो म्हणे, तुमी कायले? मी म्हटलं, डेंटरची बायको आहे मी. तीस वर्षं लोकायच्या गाड्यांचे पोचे पाहत भाकरी थापल्या. तुझ्या मोबाईलले हात आहेत का?

त्यानं मोबाईलवरूनच कायकाय पाहायचं ते उतरवून घेतलं होतं. मी त्याले माझं सांगतलं. फोटोत गाडी ओली दिसली तर समजायचं, पाणी मारून चमकवली. माझ्या लग्नाच्या वेळी कोणी फोटो मागितला नाही, म्हणून जमलं. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवायचा. गरम लागला तर समजायचं, आपण यायच्या आधी सुरू करून धूर काढून टाकला. खालची चटई उचलून वास घ्यायचा. दार लावून आवाज ऐकायचा. अन् सगळ्यात शेवटी लोहचुंबक. ते माझ्याकडं आहे, जुन्या स्पीकरचं, पानाच्या बटव्यात. रुमालात गुंडाळायचं म्हणजे रंगाले ओरखडा जात नाही. पत्रा असला तर चिकटते. पोच्यात भरलेली पुट्टी असली तर निसटते. पुट्टीले किती बी रंग मारा, चुंबक फसत नाही.

आमी मंगळवारी वरूडले तुमच्या घरी आलो. तू भातकुलीले लेकीच्या, आरतीच्या घरी गेली होतीस. शिवम म्हणे, आजी रविवारी येते. मी खाली बसले अन् पाणी मागितलं. खरं सांगू, सुटले.

शिवमचा आवाज आजोबासारखा आहे. मी कोण ते त्याले सांगतलं नाही. अंगणात संत्र्याची लाकडं रचून ठेवलेली पाह्यली. तो म्हणे, विहीर आटली, अर्धी झाडं तोडली, राहिली त्यायचा बहार गारांनी झोडपला. "संत्र्याच्या पेट्याच नाहीत तर गाडी कायले ठेवू, आजी?" असं मले म्हणाला.

बोनेट थंड होतं. चटईखाली घाण वास नव्हता. दार एका धक्क्यात लागलं. उजव्या बाजूले, मागच्या चाकाच्या वर, चुंबक चिकटलं. डाव्या बाजूले लावलं अन् ते माझ्या पायावर पडलं.

गुलफामनं दुसऱ्यांदा लावलं. पुन्हा पडलं. त्यानं खिशातून किल्ली काढून खरवडलं तर चांगला बोटभर पुट्टीचा पापुद्रा खाली आला. शेजारचे दोघं-तिघं जमले होते.

"पुट्टी नाही म्हणून लिहिलं ना तू?"

"मले माहीत नव्हतं, भाऊ. आईची शपथ. माझ्या जन्मापासून ही बाजू अशीच आहे."

"सगळे असंच म्हणतात. अकोल्याहून आमाले उन्हात कायले बोलावलं? चोर लोक."

शिवमचं तोंड लाल झालं. पापुद्र्याच्या खाली कपडा दिसत होता, निळ्या चौकड्याचा. मी तो पाह्यला. मग गुलफामले म्हटलं, चाल, एसटी निघून जाईल. अन् निघून आले.

वच्छला, शिवम खोटं बोलला नाही. तो निळ्या चौकड्याचा कपडा हसनैनच्या शाळेच्या सदऱ्याचा आहे. मी फाडला होता.

अरीबा लिहायची थांबली होती. मी म्हटलं, लिही.

चौऱ्याऐंशी साली ती गाडी आमच्या दारात चार महिने विकायले उभी होती. गिऱ्हाईक येऊन पाहून जाये. मग तुझे मालक, खुशालभाऊ, आले. त्यायले पेट्या वाहून न्यायले अन् घरच्यांना बसायले एकच गाडी पाहिजे होती. तूच त्यायले आमच्याकडं पाठवलं होतंस. म्हणालीस, अकीलाचा माणूस आपल्याले फसवणार नाही. मागच्या दोन्ही चाकांच्या वर, जिथं खालून स्प्रिंगच्या पाट्यांचा टेकू येते, तिथलं लोखंड गंजून भुसा झालं होतं. हसनैनच्या अब्बांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठोकला. त्यावर कपडा, त्यावर पुट्टी, त्यावर काळा रंग. पुट्टी मी मळली. सदरा मी फाडला. हे म्हणत होते, पावसाळ्याच्या आधी बोलावून घेऊ, पक्कं वेल्डिंग करून देऊ. ते खरंच म्हणत होते. पण तुमची गाडी चांगली चालून राहिली होती, अन् चालत्या गाडीले बोलावून काय सांगावं, हे सुचलं नाही.

पुढचं तुले माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मोर्शीच्या अलीकडं उजवी बाजू बसली, गाडी कलंडली अन् पेटी तुझ्या पायावर आली. निरोप आला तसे हे धावत गेले. उजवी बाजू फुकट वेल्डिंग करून दिली. तुमी सगळे म्हणाले, किती भला माणूस. तुटलेला डब्याचा पत्रा ह्यांनी आधीच उचलून पिशवीत टाकला होता. अन् खुशालभाऊंना म्हणाले, "भाऊ, वजन जास्त झालं."

डाव्या बाजूले हात लावला नाही. लावला असता तर कोणी विचारलं असतं, ही तर तुटली नाही, मग हिले कायले हात लावता?

मी दवाखान्यात डबा घेऊन आले होते. तू खाटेवरून खुशालभाऊंना बोलत होतीस. म्हणत होतीस, लालचीपायी माझा पाय घालवला, बावीस पेट्या कोंबल्या. ते म्हणत होते, सोळाच होत्या गं. तू म्हणालीस, बावीस. ते बिचारे गप झाले. मी पण गप झाले. डब्यातली खिचडी तुले भरवली अन् घरी आले.

त्यानंतर मी तुझ्याकडं येणं कमी केलं. तुले वाटलं अकीलाले गुर्मी आली. वाटू दिलं. हे वारले तेव्हा तू लंगडत आलीस. खुशालभाऊ गेले तेव्हा मी आले नाही. आजारी होते म्हणून निरोप दिला होता, तो खोटा होता. माणसं सांगत होती, तू शेवटपर्यंत त्यायले त्या बावीस पेट्या ऐकवल्या. हसण्यावारी ऐकवल्या असतील, तरी ऐकवल्या.

परवा परतीच्या एसटीत मोर्शी आली तेव्हा मी गुलफामले सगळं सांगतलं. तो म्हणे, "दादी, तुमी तिथं का नाही बोलल्या? मी त्या पोराले चोर म्हटलं."

म्हणून हे पत्र.

गुलफाम सोमवारी वरूडले येते. ज्या शेजाऱ्यांसमोर तो शिवमले बोलला त्यायच्याचसमोर माफी मागणार आहे, अन् पुट्टी कोणाची हे माझं नाव घेऊन सांगणार आहे. गाडी द्यायची असली तर तो शिवमनं सांगतलेल्या किमतीत नेईल. डाव्या बाजूचं काम हसनैन करेल. न द्यायची असली तर तो तिथंच येऊन करून देईल. पण ते होईपर्यंत गाडीत कोणाले बसू देऊ नको. हे तेवढं नक्की ऐक.

तुमी दोघींनी जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं नाही, असं अरीबा हसून म्हणते. आज घेते. पुट्टी अब्दुल गफ्फारनं लावली, मळली अकीलानं. तू पण आज एकदा घे. खुशालरावांच्या फोटोसमोर जा अन् सांग. रस्त्यावर पडलेल्या पेट्या आमच्या ह्यांनी स्वतः गोळा करून लावल्या होत्या. घरी आल्यावर पाणी प्यायच्या आधी मले तेच बोलले होते. सोळाच होत्या.

तुझा पाय कसा आहे, हे वर राहिलं होतं. एकोणतीस वर्षं मले विचारायचं तोंड नव्हतं. आता विचारते. कसा आहे?

अक्षर अरीबाचं, अंगठा माझा.

अकीला