बंद दारांपुढची दवंडी

लिहून ठेवणार: मुखरू वल्द दसरू मेश्राम, जात ढिवर, वय अंदाजे एकसष्ट, धंदा कसबा कमिटीची चपराशीगिरी व दवंडी, राहणार तलावाच्या पाळीवरचा मोहल्ला, कसबा सावरबोडी, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, मध्यप्रदेश.

हे माझे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत करीत आहे. पोटात पाणी झाले आहे, पाय सुजले आहेत, पण डोके जागेवर आहे. गडचिरोलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोटावर बोटे वाजवून पाहिली आणि घरी जाऊन आपल्या माणसांना भेटून घ्या म्हणाले. मी जन्मभर वाजवीत आलो. आवाज बद्द आला म्हणजे आत काय झाले ते मलाही कळते. हा कागद करण्यासाठी माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. होऊ नये म्हणून मात्र दोघातिघांनी जोर लावून पाहिला. मला लिहिता येत नाही. मी सांगतो, पेन्शनीत निघालेले गुलाम रसूल मास्तर लिहितात, आणि माझी बोली जिथे वाकडी जाते तिथे सरळ करतात.

वास्तविक मला मृत्युपत्र करायचे नव्हते, जबानी द्यायची होती. अर्जनवीसाकडे दोनदा गेलो. पहिल्यांदा त्याची शाई संपली होती, दुसऱ्यांदा त्याला ताप भरला होता. वकिलाने कमिटीचे नाव ऐकून चहा पाजला आणि परत पाठवले. तेव्हा मास्तर म्हणाले, "मुखरूभाऊ, मृत्युपत्र करा. त्यात मानूस आपल्या मनातलं काई बी लिवून ठेवू शकते. रजिस्टर करनारा साहेब नाई म्हनत नाई." म्हणून माझ्या चार वस्तूंच्या वाटणीत मी ती जबानी घालीत आहे. वाचणाऱ्याने कंटाळू नये.

कलम पहिले, घर. दोन खोल्या, वर कवेलूंचे छप्पर, पुढे ओसरी. उत्तरेस तलाव, दक्षिणेस गल्ली, पश्चिमेस चिंचेचे झाड, पूर्वेस मनकर्णाचे घर. मनकर्णा म्हणजे माझा धाकटा भाऊ लटारू याची विधवा. मला मूलबाळ नाही. बायको कमळा तीन वर्षांमागे वारली. आतल्या भिंतीवर तिच्या हातचे शेवटचे सारवण आहे. बोटांचे फराटे अजून दिसतात आणि मी त्यावर कोणाला हात फिरवू दिलेला नाही. हे घर माझ्यामागे मनकर्णाला द्यावे. कारण तिचे पडणार आहे, आणि ते माझ्यामुळे पडणार आहे.

कमिटीने या जागेवर नवी पेठ आणि सरकारी मोटारींचा स्टँड नेमला आहे. नकाशावर लाल रेघ आहे. मी ती डोळ्यांनी पाहिली. देवळापासून सरळ येते, पाळीवरची सव्वीस घरे पोटात घेते, आणि माझ्या घराजवळ आली की खड्डा चुकवणाऱ्या बैलासारखी वळसा घालून जाते. पेठेतल्या दुकानांच्या जागा कोणाच्या मेव्हण्याला आणि कोणाच्या भाच्याला जायच्या ते गावात सर्वांना ठाऊक आहे. तलावही पुढेमागे बुजवणार आहेत.

कलम दुसरे, दवंडी. ही कोणाला देता येत नाही. हिचे काय करायचे ते सांगतो.

असा नकाशा झाला की ज्यांची घरे जातात त्यांना दवंडीने कळवावे लागते, आणि तीस दिवसांत त्यांनी हरकत घ्यावी लागते. अध्यक्ष गुणवंतराव यांनी मला पाच मेला बंगल्यावर बोलावले. मे महिन्यात आमचा मोहल्ला कुठे असतो हे या मुलखातले लेकरूही सांगेल. सारी माणसे जंगलात, ठेकेदाराच्या फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या तळावर, विडीची तेंदूपाने तोडायला जातात आणि तिथेच महिनाभर झोपड्या घालून राहतात.

मी म्हणालो, "साहेब, मोहल्ल्यात तं कोनीच नाई. सारे फळीवर गेले."

"मले मालूम आहे. कागदात 'जागेवर' लिवलं आहे, तं जागेवरच दे. आपल्याले कायद्यानं चालाचं आहे."

"शुक्रवारी बाजारी बी देतो ना. कोनी तरी निरोप नेईन."

"बाजारी काऊन? बाजारात का घरं आहेत?" मग त्यांनी नकाशावर बोट ठेवले. "हे तुह्यं घर. रेघेच्या आत घ्याचं का बाहेर ठेवाचं, तूच सांग."

माझ्या डोळ्यांपुढे ती भिंत आली. मी "बाहेर" म्हणालो. त्यांनी मला एक पैसा दिला नाही, मी मागितला नाही. माझ्या तोंडून एक शब्द गेला, एवढाच आमचा व्यवहार.

माझ्या बापाने, दसरूने, मला दवंडीचा एकच नियम शिकवला होता. पहिली थाप मारायची आणि थांबायचे. कोणी दार उघडून डोके बाहेर काढल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, आणि ऐकणारा "ऐकलं" म्हणाल्याशिवाय पुढे सरकायचे नाही. चाळीस वर्षे मी हा नियम पाळला. साथीच्या दिवसांतही लोकांना दाराशी आणून मगच बोललो. त्या दिवशी मी पाळीवर गेलो. सव्वीस दारांना बाभळीच्या काट्या आडव्या लावलेल्या. एक कोंबडा ओसरीवर बसला होता, एक लंगडे कुत्रे मागे आले. मी थाप मारली, थांबलो नाही. आवाज नेहमीसारखा खणखणीत लावला आणि सारा मजकूर बंद दारांना सांगितला. मग कमिटीत जाऊन पंचनाम्यावर आंगठा दिला. चार दिवसांनी मोजणीदार आला, दारांच्या काट्या पाहून "वहिवाट नाही, जागा पडीक" असे लिहून गेला. काट्या कुत्री शिरू नयेत म्हणून लावतात, हे त्याला माहीत नव्हते असे नाही. त्याची आई याच तहसिलीतली आहे.

इथवर मी कमिटीचा नोकर होतो असे म्हणता येईल. पुढचे माझे एकट्याचे आहे.

दोन जूनला मोहल्ला परत आला. हरकतीची मुदत चार जूनपर्यंत होती. मनकर्णा माझी भावजय, आणि आमच्यात भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बाया तोंडावर बोलत नाहीत. कमळा होती तोवर तिच्यामार्फत बोलायची. ती गेल्यावर ओसरीच्या खांबाशी बोलते, आणि मीही खांबालाच उत्तर देतो. त्या संध्याकाळी तिने जंगलातून आणलेली तेंदूची फळे, टेंभरे, माझ्या पायरीवर ठेवली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खांबाला विचारले, "आमच्या मागं गावात काई झालं का?"

दोन दिवस होते. सव्वीस आंगठे घ्यायला एक दुपार पुरली असती. मी खांबाला म्हणालो, "काई नाई झालं."

आणि ती टेंभरे मी खाल्ली.

घरे खाली करण्याचा हुकूम आल्यावर मोहल्ल्याने चांद्याला अपील केले. त्यात त्यांनी लिहिले की दवंडी झालीच नाही. ऑक्टोबरात मला साक्षीला उभे केले. दवंडी दिली का, एवढेच विचारले. मी "दिली" म्हणालो. कोणी ऐकली, हे कोणी विचारले नाही आणि मी आपण होऊन सांगितले नाही. तेव्हापासून मोहल्ल्याने माझ्याशी बोलणे टाकले. मनकर्णा आधीच बोलत नव्हती, त्यामुळे तिच्यात काही फरक पडला नाही. मी खोटा आहे असे मानूनही ती रोज दुपारी पेजेचे गाडगे खांबाशी ठेवून जाते. ती पेज मी पितो.

अपिलाची शेवटची तारीख बारा डिसेंबर आहे. आज सत्तावीस नोव्हेंबर. मला मरणाची भीती नाही, पंधरा दिवस पुरणार नाहीत याची आहे. देवाला रोज विनवतो, दुसऱ्या कशासाठी कधी विनवले नाही. म्हणून माझी सर्वांत मोठी इच्छा हीच समजावी: उद्या हा कागद गडचिरोलीला रजिस्टर व्हावा. मी श्वास घेत असलो तर मला बैलगाडीत घालून चांद्याला न्यावे, वैनगंगेवर डोंग्यात आडवे टाकावे. वाटेत मेलो तर प्रेत घाटावर ठेवून कागद पुढे न्यावा. आधी कागद, मग मी.

कलम तिसरे, किरकोळ. कोट व पितळी बिल्ला कमिटीचा आहे, कमिटीला परत करावा. बिल्ला घासलेला आहे, कोटाचा वास जात नाही. माझे मासे धरण्याचे जाळे गुणवंतरावांना द्यावे. ते सहा वर्षांचे असताना याच तलावात बुडत होते, मी केसाला धरून बाहेर काढले. त्याचा मला पस्तावा नाही. जाळे त्यांनी नव्या पेठेत टांगावे, म्हणजे इथे पाणी होते हे लोकांना कळेल. डफडे मोहल्ल्याचे. चिंचेला टांगून ठेवावे. सरकारी कागद आला की बाई असो, बुवा असो, ज्याला आधी कळेल त्याने वाजवावे, आणि दसरूचा नियम पाळावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी गुलाम रसूल मास्तरांनी करावी. त्यांना देण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही, त्यांनी राग मानू नये.

इथवर लिहून झाल्यावर झाले ते मास्तरांनी माझ्या सांगण्यावरून लिहिले आहे.

साक्षीसाठी पत्रू न्हावी येऊन बसला होता. दुसरे कलम वाचून होताच तो उठला. "मले माफ करा मास्तर, मले याच गावात दाढ्या कराच्या आहेत," म्हणाला आणि गेला. मास्तर एक साक्षीदार आहेत, दुसरा पाहिजे. मोहल्ला धानकापणीवर गेलेला, गल्लीत आजही दारांना काट्या. दुसऱ्या मोहल्ल्यातला कोणी कमिटीविरुद्ध आंगठा देणार नाही. मी रडलो. मास्तरांनी ते लिहू नये म्हणून सुचवले, पण लिहावे.

तेवढ्यात ओसरीवर गाडगे वाजले. मनकर्णा खांबाशी उभी होती. कधीपासून, ते माहीत नाही. पेज निवली होती. ती मास्तरांना म्हणाली, "मी देतो आंगठा."

मास्तरांनी समजावले, "बाई, हे घर तुमच्याच नावानं लिवलं आहे. तुम्हीच साक्ष केली तं कमिटीचा वकील म्हनन, घराच्या लालचीनं आंगठा देल्ला. घर बी जाईन, कागद बी जाईन."

तेव्हा ती खांब सोडून आत आली, माझ्या खाटेपाशी उभी राहिली आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहून बोलली. "मले तुमचं घर नाई पायजे, भाऊ. मले माह्यं घर पायजे."

मी म्हणालो, "मनकर्णा, तू विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

ती म्हणाली, "ऐकलं मी. सारं ऐकलं."

सबब कलम पहिले रद्द. माझे घर आता कोणालाच नाही. ते पाळीवरच्या सव्वीस घरांत सत्ताविसावे धरावे. ती राहिली तर हे राहील. ती पाडली तर हे आधी पाडावे, भिंतीसकट.

ठिकाण: सावरबोडी, तलावाची पाळ. रविवार, ता. २७ नोव्हेंबर १९५५.

लिहून ठेवणार: मुखरू वल्द दसरू मेश्राम. निशाणी डाव्या हाताचा आंगठा.

लिहिणार व साक्षीदार पहिला: गुलाम रसूल, निवृत्त शिक्षक. सही.

साक्षीदार दुसरी: मनकर्णा जौजे कै. लटारू मेश्राम. निशाणी डाव्या हाताचा आंगठा. आंगठ्यावर पुढील मजकूर घालावा असा तिने हट्ट धरला, म्हणून तिच्याच शब्दांत घातला आहे:

"पाळीवरची दवंडी मी आज ऐकली. तीस दिवस आजपासून मोजा."