मागे बसणारीचं जॅकेट

भोईवाडा, परळ
सोमवार, दुपार

प्रिय यतीन,

'प्रिय' हा शब्द सवयीने लिहिलेला नाही. दोन मिनिटं थांबले, मग लिहिला. पुढचं वाचताना तुला तो खोटा वाटेल म्हणून आधीच सांगून ठेवते.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर माझा आवाज चढला की तू 'बरं बरं, तू आधी शांत हो' म्हणतोस, मी खरंच शांत होते आणि बोलायचं ते राहून जातं. उजवा हात धड आहे, पेन धरता येतं. आई आत झोपलीय, अप्पा खाली पत्ते खेळायला गेलेत. तासभर मला कोणी हाक मारणार नाही.

तुझा कालचा व्हिडिओ बघितला. तू नाही पाठवलास, माझ्या लॅबमधल्या दीपिकाने पाठवला. तिला वाटलं मला कौतुक वाटेल. माटुंग्याचा तो हॉल, तुमचा रायडिंगचा अख्खा ग्रुप, समोर पन्नास-साठ नवीन मुलंमुली. विहंगने 'आपला यतीन, यमाला कट मारून आलेला' अशी तुझी ओळख करून दिली आणि तू ते राखाडी जॅकेट दोन्ही हातांनी उंच धरलंस. डाव्या कोपरावर घासलेलं. म्हणालास, 'उन्हाळ्यात राइडला काय घालायचं याचा मी तीन महिने अभ्यास केला. छातीवर नि पाठीवर जाळी हवी, वारा आरपार गेला पाहिजे. पण खांदा, कोपर, कंबर, गुडघा, जिथे माणूस आपटतो तिथे जाळी चालत नाही. तिथे घट्ट विणीचं जाड कापड आणि आत गादी.' टाळ्या पडल्या. मग मागून एका मुलीने विचारलं, 'सर, मागे कोणी बसलं होतं का?' तू म्हणालास, 'हो, पिलियन होती. तिला थोडं खरचटलं.' आणि हातमोज्यांकडे वळलास.

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकलं. थोडं खरचटलं.

आणि तीन महिने अभ्यास कोणी केला, यतीन? मी बारा वर्षं कापड घासते. माझं काम सांगितलं की लोक हसतात. कापडाचा गोल तुकडा कापायचा, यंत्रात बसवायचा आणि त्याला भोक पडेपर्यंत किती घासण्या सोसल्या ते लिहायचं. अप्पा गिरणीत साचा चालवायचे, कापड विणायचे; मी ते फाडते, असं तेच सगळ्यांना सांगतात. लग्नानंतर पहिल्यांदा तू माझ्या कामाबद्दल काही विचारलंस ते या फेब्रुवारीत, आणि खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले. गिरगावच्या घरी जेवणं झाली की टेबलावर आपण दोघं आणि तुझा लॅपटॉप. तुला काळं लेदर हवं होतं. मी म्हटलं, एप्रिलमध्ये कोकणात जायचंय, कुकरमध्ये बसून जाणार आहेस का? मग तू दुसऱ्या टोकाला गेलास, नुसत्या जाळीचं जॅकेट उचललंस. मी आतून हात घातला तर बोटं मोजता येत होती. तेही नको म्हटलं. रंग फिका घे, ऊन कमी धरेल. आत घाम शोषणारा पातळ टी-शर्ट घाल, फार तापलं की तो भिजवून घाल. पॅंटच्या बाबतीत तर तू आठवडाभर भांडलास, जीन्सवर काय होतं म्हणून. काय होतं ते दाखवायला तुझ्याच जुन्या जीन्सचा तुकडा मी लॅबमध्ये नेला होता. आठवतं? घरी आणून त्याच्या भोकातून तुझ्याकडे बघितलं होतं. तू हसला होतास.

लालबागच्या दुकानात तर मी तुला सहा पॅंट घालायला लावल्या. प्रत्येक वेळी बाइकवर बसवलं, कारण उभं राहून गुडघ्याची गादी बरोबर वाटते आणि बसलं की वर सरकते. दुकानवाला लवू वैतागला नाही, उलट म्हणाला, 'वयनी, तुमीच येवा दुकानात बसाक.' सगळं घेऊन झालं, बिल व्हायचं होतं, तेव्हा त्यानेच विचारलं, 'आणि वयनीक? तेंका नको काय?'

मी म्हटलं, 'मला कशाला? मी वर्षातून चारदा बसते. आणि उकडतं त्यात.'

हे मी म्हटलं. तू नाही. हे मी कुणापासून लपवत नाही आणि रोज या खाटेवर पडून त्यासाठी स्वतःला शिव्या देते. ज्या बाईने तीन महिने घालवून सिद्ध केलं की नीट निवडलं तर उकडत नाही, तीच बाई म्हणते उकडतं. पण तुला माहीत आहे मी का म्हटलं ते. आपल्याकडे बाईला दुसऱ्यांदा विचारतात, यतीन. जेवायला वाढतानासुद्धा दुसऱ्यांदा विचारतात. मी तिथे उभी राहून वाट बघत होते, तू म्हणशील, गप गं, घाल हे अंगात. तू लवूला म्हणालास, 'बघ, तिलाच नको. कशाला उगाच शिजवायचं तिला?' तुझ्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, ते मी बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं.

पडलो ती तुझी चूक नव्हती. हे पोलिसांनाही सांगितलं, अप्पांनाही, आणि तुलाही पुन्हा सांगते. कोकणातल्या त्या वळणावर खडी होती, तू हळू होतास, ब्रेकही बरोबर दाबलास. तुझ्या गाडी चालवण्यावर माझा कधीच राग नव्हता. लग्नाआधी दादरहून वरळी कोळीवाड्यात बोंबील खायला न्यायचास तेव्हापासून तुझ्या मागे बसून मी कधी देवाचं नाव घेतलं नाही. डुलकी काढलीय मी तुझ्या पाठीवर, एवढा विश्वास.

पण पडल्यावरचं सांगते, कारण ते तुला बहुतेक आठवत नाही, किंवा आठवायचं नाही. आपण दोघं एकाच बाजूला पडलो, डाव्या. एकाच रस्त्यावरून, जवळजवळ बरोबरीने घसरत गेलो. मी सुती कुडत्यात आणि लेगिंग्जमध्ये होते. मग सगळं थांबलं आणि तू आधी उठलास. उभा राहून कोपर चाचपलंस, गुडघे चाचपलेस, खांदे फिरवून बघितलेस, आणि ओरडलास, 'काही नाही झालं! अक्षू, काही नाही झालं!' इतका आनंद होता त्या आवाजात. मी रस्त्यावर पडून तुझ्याकडे बघत होते आणि मलाही क्षणभर वाटलं, चला, काही नाही झालं.

नंतर तू माझ्याकडे बघितलंस. जॅकेट काढून माझ्या डोक्याखाली दिलंस, ते कोपर माझ्या डोळ्यांसमोर आलं. वरचा थर विस्कटला होता, आतलं कापड शाबूत. आणि तुला मी वेडी वाटेन, पण माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो 'पास'. माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत रस्त्याने सोलून नेला होता आणि मी तुझ्या जॅकेटला पास करत होते. मला बरंही वाटलं, यतीन. खरंच बरं वाटलं. तू धड होतास, माझ्यामुळे होतास. ते मी कधी बोलून दाखवलं नसतं. पण त्याच्या तू माटुंग्यात टाळ्या घेशील आणि माझं नाव पिलियन ठेवशील, हे मला नव्हतं माहीत.

आता तुझ्या पार्सलबद्दल. बुधवारी आलं. गुलाबी पट्ट्यांचं लेडीज जॅकेट, आत चिठ्ठी, 'आता तरी घरी ये.' माप अंदाजाने घेतलेलं. कोपराची गादी माझ्या मनगटाकडे येते. सात वर्षांच्या संसारात माझ्या हाताची लांबी तुला माहीत नाही, ठीक आहे, विचारायचं तरी. अप्पांनी बाही दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाले, 'ह्यां पडद्याचां कापड आसा गो.' शुक्रवारपासून अर्धा दिवस लॅबला जातेय, तिथे घेऊन गेले, कोपरावरचा गोल तुकडा कापला आणि यंत्रात घातला. दीपिका चहा आणायला गेली होती. ती परत येईपर्यंत भोक पडलं होतं. तुझं जॅकेट घेण्याआधी त्याच्या कापडाचा तुकडा मी असाच घातला होता, त्याला भोक पडायला जेवणाची अख्खी सुट्टी लागली होती. मी तिथे बसून रडले, दीपिकाला वाटलं हात दुखतोय.

कापड किती टिकतं ते बघायचं असतं, हे तुला माझ्यामुळे कळलं. काल तू तेच साठ जणांना समजावून सांगितलंस, शब्दही माझेच. म्हणजे तू विसरला नाहीस. मग माझ्यासाठी घेताना फक्त रंग कसा बघितलास? मला तुझी माफी नको होती, तू निदान तीन महिन्यांतले तीन दिवस माझ्या जॅकेटवर घालवायला हवे होतेस.

घरचं म्हणशील तर सगळे बरे आहेत. अप्पांचा खोकला कमी आहे. तुझ्या आईंचा रोज फोन येतो, त्या काही विचारत नाहीत, फक्त आज काय जेवलीस एवढंच. त्यांना सांग की मला ते फार आवडतं. आई अजून तुझ्यासाठी मासे ठेवते मंगळवार-शनिवारचे. तिचा तुझ्यावर राग नाही. तिला मी सगळं सांगितलेलं नाही.

तू मंगळवारी नि शनिवारी येतोस, उजव्या बाजूची खुर्ची ओढून बसतोस, अप्पांशी पाण्याच्या वेळेवर बोलतोस. ड्रेसिंग करायला कौसल्या सिस्टर आल्या की उठतोस. 'मी जरा खाली गाडी बघून येतो.' सात आठवडे झाले. दर वेळी खाली गाडी बघून येतोस. गाडीला काय होतंय रे? सिस्टर मला परवा हळूच म्हणाल्या, 'तुमच्या मिस्टरांना चक्कर येते का हो?' मी हो म्हटलं. तुझ्यासाठी खोटं बोलले.

आणि काल, तो व्हिडिओ बघून तासही झाला नव्हता, तुझा मेसेज आला. क्षितिजाच्या लग्नाला फुल स्लीव्हचा ब्लाउज शिवून घे, म्हणजे कोणी विचारत बसणार नाही. तुझी बहीण आहे, दादरला हॉल आहे, सगळे नातेवाईक असणार, मला कळतं. तुझ्या मनात वाईट नव्हतं हेही कळतं. पण तो मेसेज वाचला आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी परत नाही येणार. ओरडावंसंही वाटलं नाही, इतकं ते थंड होतं. त्याचीच भीती वाटली, म्हणून आज लिहायला बसले.

यतीन, कोपराजवळची लावलेली कातडी धरली नाही. तुला सांगितलं नव्हतं. या गुरुवारी पुन्हा ऑपरेशन आहे, उजव्या मांडीची कातडी काढून तिथे लावतील. सकाळी नऊला हॉस्पिटलात पट्टी पूर्ण सोडतील, अर्धा तास हात उघडा ठेवतील. डॉक्टरांनी विचारलं, जवळचं कोण थांबणार? अप्पा म्हणाले मी थांबतो, मी त्यांना नाही म्हटलं. गुरुवारी तू ये. फुलं नको, पार्सल नको, सॉरी तर अजिबात नको. माझ्या डाव्या बाजूला उभा राहा आणि हात बघ. पूर्ण, कोपरापासून मनगटापर्यंत, पट्टी पुन्हा बांधेपर्यंत. चक्कर आली तर भिंतीला धर, पण बाहेर जाऊ नकोस. तू बघितलंस तर पुढचं काय ते आपण दोघं मिळून ठरवू. नऊ वाजून गेले आणि तू आला नाहीस, तर मी एकटी ठरवेन.

अजून चिडलेली,
तुझीच
अक्षदा