फादरांचा तळहात

४ ऑक्टोबर, संध्याकाळ

धर्मशिकवण मी स्वतः वाचून शिकलोय. माणसाच्या वाट्याची माया जनावराला देऊ नये, हे बराबर ठाऊक. म्हणूनच बायकोची लाडकी कुत्री काळी उद्या लांबच्या जवळा बाजार गावाला सोडून येणार होतो.

आज चर्चमध्ये जनावरांना आशीर्वाद होता. फादरांनी तळहातावर पवित्र पाणी घेतलं, अन् काळी ते चाटून प्यायलीच!

“फादर, पवित्र पाणी हाय ते!” मी ओरडलो.

“तहानली आहे. पिऊ द्या.” तळहात तसाच, स्थिर.

वाटेत बायको म्हणाली, “जनावराला न देता वाचवलेली माया मला तरी कवा दिली हो?”

फादरांचा तो तळहात डोळ्यांपुढून हलेना. घरी येऊन मीही हातावर पाणी धरलं. आता काळी कुठं जाणार न्हाई. कुत्र्याची जीभ इतकी ऊन असते, हे मी कुठंच वाचलं नव्हतं.