खालून येणारी लाइन

ती. ताईस सप्तांग नमस्कार (आठवं अंग मोडलं आहे). तुझे गुडघे कसे आहेत? बीपीची गोळी घेतलीस ना? मी मजेत आहे, म्हणजे घाबरून अर्धा झालो आहे.

तर झालं असं. माळ्यावरचा पाना काढायला स्टुलावर चढलो. (तू "स्टूल धरू का?" म्हणालीस आणि मी "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हणून खेकसलो, तो प्रसंग तूर्त बाजूला ठेवू.) स्टूल एकीकडे, मी दुसरीकडे. एक्स-रेत दिसलं, मांडीचं हाड वर खुब्यापाशी, मानेत मोडलंय. हाडालाही मान असते, ताई! डॉक्टरीणबाई तुझ्यासारख्याच, एकदाच सांगणाऱ्या. म्हणाल्या, मानेच्या टोकावरच्या गोळ्याला रक्त खालून येतं, मानेला बिलगून चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून. मान मोडली की त्या तुटतात नाहीतर पिळवटतात, आणि गोळा हळूहळू मरतो. म्हणून आजच हाड जागेवर आणून स्क्रू मारायचे. उशीर झाला तर गोळा वाचायची आशा कमी, मग तो काढून धातूचा बसवायचा. तीस वर्षं नळकाम केलेल्या माणसाला हे ऐकवतात का? वरच्या मजल्याला खालून चढणारी एवढीशी लाइन, आणि बायपास नाही! (एक आहे म्हणे, थेट गोळ्यात शिरणारी, पण मोठेपणी तिच्यावर विसंबता येत नाही.) असं काम मी केलं असतं तर गिऱ्हाइकाने जिन्यावरून ढकललं असतं.

मग मी सहीच्या फॉर्मवरच त्यांना दुसरी लाइन काढून दाखवली, कॉकसकट. सिस्टरनी नवा फॉर्म आणला. त्यावर टाकी काढली. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, चित्र छान आहे, पण तुमचा गोळा तिकडे उपाशी बसलाय." मी टाकी अर्धीच सोडली. मला भुलीची भीती वाटते, ताई. आणि परत जिने चढता आले नाहीत तर काय, ही भीती त्याहून मोठी.

कळावे (शेजारी कळवू नये).
तुझा धाकटा

ता. क. : तू दाराबाहेरच्या बाकावरच बसली आहेस, ठाऊक आहे. तोंडाने सांगायला गेलो तर रडेन, म्हणून सिस्टरच्या हाती पाठवतोय.

ता. क. २ : कागद उलटा कर. हा तिसरा फॉर्म. माझी सही झाली (वाकडी आहे, पण माझीच), नातेवाइकाची राहिली आहे. लवकर कर.

ता. क. ३ : आत नेतील तेव्हा दारापर्यंत ट्रॉली धरशील का? आता खेकसणार नाही.