एकेचाळिसावा पेशंट

३ मार्च, सकाळी ९.२०
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसाच्या मागे कागदपत्रं राहायला हवीत. अक्षर मुद्दाम खराब काढतोय, बायकोला वाचता येऊ नये म्हणून.

संशोधनाच्या जर्नलच्या संपादकांचा ईमेल. विषय, माझा अकरा वर्षांपूर्वीचा पेपर. माझं सिद्ध केलेलं म्हणणं एका ओळीचं: शरीराचे पहारेकरी आपल्याच लिव्हरवर उलटतात, त्या आजारात रक्तात एक विशिष्ट अँटिबॉडी सापडते, निरोगी माणसात ती नसते म्हणजे नसतेच. चाळीस पेशंट, वीस निरोगी. आता दुसऱ्या कुठल्या लॅबला म्हणे तसं दिसत नाहीये. तीस दिवसांत प्रयोग पुन्हा करून दाखवा, नाहीतर पेपर मागे घ्या. हसू आलं. तीस कशाला? आठवडा पुरे.

११ मार्च
आठवडा टेबल आवरण्यात गेला.

१२ मार्च, दुपारी
पेशंटचे जुने नमुने फ्रीजरमध्ये आहेत. निरोगी माणसांचे संपलेत. टेक्निशियन बाई म्हणाल्या, रीतसर परवानगी काढून माणसं बोलवू. त्यात महिना जाईल. मी बाही वर केली. माझ्याइतका ठणठणीत माणूस या मजल्यावर नाही. स्वतःच्या प्रयोगात स्वतःचं रक्त घेत नाहीत सर, असं त्या म्हणाल्या. नियम इतरांसाठी असतात.

१४ मार्च
माझं रक्त पॉझिटिव्ह.
बाईंनी ट्यूबची अदलाबदल केली असणार. चांगलं सुनावलं. वीस वर्षांत अशी चूक केली नाही म्हणाल्या. आज केलीत, म्हटलं.

१५ मार्च
दार लावून स्वतः केलं. पॉझिटिव्ह. मशीन जुनं झालंय.

१७ मार्च
शेजारच्या लॅबच्या नव्या मशीनवर केलं. पॉझिटिव्ह. आकडा आणखी वर.
बाईंची माफी मागितली. त्यांनी जुनं रजिस्टर उघडून ठेवलं. त्या वेळीही दोन निरोगी लोक पॉझिटिव्ह आले होते. मी त्यांना आजारी ठरवून वगळलं होतं. एक आमचा लिफ्टमन. तेव्हा त्याचा चेहरा ओढलेला दिसला होता, मला स्पष्ट आठवतं. बाई म्हणाल्या, तो गेल्या महिन्यात धावण्याच्या शर्यतीत पहिला आला. लिव्हरचे आजार सावकाश वाढतात, एवढंच मी म्हटलं.

१८ मार्च
कात्रीत सापडलोय. पेपर खरा, तर मी आजारी. मी ठणठणीत, तर पेपर खोटा. तिसरी वाट दिसेना. केबिनला खिडकी नाही, सुचणार कसं? खिडकीसाठी अर्ज केला.

२१ मार्च
निर्णय झाला. मी आजारी आहे. एकदम हलकं वाटलं.
लक्षणं: थकवा, विशेषतः मीटिंगमध्ये. खाज, डाव्या पायाला. भूक मेलीय, आज भात दोनदाच घेतला. डोळे पिवळे. बायको म्हणते, बाथरूमचा बल्ब पिवळा आहे.
मग तिला खरं काय ते सांगितलं. हसण्यावारी नेईल वाटलं होतं. किती दिवस आहेत, म्हणाली. माझा पेपर वाच, म्हटलं.

२५ मार्च
मुलगी रजा टाकून आलीय. तेल बंद, मीठ बंद. मेव्हण्याशी सहा वर्षं अबोला. त्याचा फोन आला. भावजी, लागला तर माझ्या लिव्हरचा तुकडा घ्या, म्हणाला. जेवताना दोघी माझ्याकडे बघतात. आता मी बरा झालो तर कुठल्या तोंडाने?

१ एप्रिल, दुपारी ४
उद्या मुदत संपते. मुलीने लिव्हरच्या तपासण्या करायला लावल्या होत्या, त्यांचे रिपोर्ट घ्यायला बायकोबरोबर गेलो. लिव्हर पंचविशीतल्या माणसासारखं, म्हणाल्या डॉक्टरबाई. मी अँटिबॉडीचं काढलं. ती कितीतरी धडधाकट लोकांत असते, आम्ही बघतही नाही, म्हणाल्या. माझा पेपर वाचलाय का, विचारलं. कुठला, म्हणाल्या. पुन्हा तपासा, हवा तर तुकडा काढून बघा, म्हणून गयावया केली. त्या बायकोकडे बघायला लागल्या.

बाहेर येऊन बायकोने भावाला फोन लावला आणि हुंदके द्यायला लागली. मलाही रडू फुटलं. तिने माझे डोळे पुसले, संपलं हो सगळं, आता रडायचं नाही, म्हणाली. तिला वाटलं, मी आनंदाने रडतोय. आपण जगणार हे कळल्यावर एवढं वाईट वाटावं, याची फार लाज वाटली.

संध्याकाळी ७
पेपर मागे घेण्याचा फॉर्म भरला. 'कारण' या रकान्यापाशी तासभर बसलो. शेवटी लिहिलं: लेखकाची तब्येत उत्तम आहे.